काठी उंच करू नका, टोक कडेला आणा

तुम्ही लिहिलंय की दहा बाय दहा फुटांच्या ताडपत्रीच्या मधोमध ट्रेकिंग पोल (लांबी कमी-जास्त करता येणारी चालायची काठी) उभा करून टिपी, म्हणजे वर निमुळता होत जाणारा तंबू केला, चारही कोपरे ताणून बांधले, तरी बाजूचं कापड रात्रभर फडफडत राहिलं आणि पहाटे सगळं अंगावर आलं. वाचताना मला माझीच रात्र आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे बहुतेकांनी तुम्हाला जाड मेखा घ्यायला सांगितलंय. माझं ठाम मत, मेखांचा यात फारसा दोष नाही.

जागा कशी निवडायची, चर कुठे काढायचा हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देते.

ऑक्टोबर होता. मी आणि धाकटा भाऊ रायरेश्वरच्या पठारावर मुक्कामाला होतो. अगदी तुमच्यासारखीच मांडणी केली होती. बाजूचं कापड ढिलं दिसलं म्हणून मी काठी चार बोटं वाढवली. ढिलाई गेली नाही, म्हणून आणखी वाढवली. असं तीनदा केलं. माझी चूक ती हीच, आणि ती मला फार महाग पडली. रात्री दीडच्या सुमाराला परतीचा पाऊस आला. ढिल्या कापडात पाणी साचून पखालीसारखं लोंबायला लागलं. आतून हाताने वर ढकललं की तेच पाणी शेजारच्या खोळीत जायचं. शेवटी त्या वजनाने काठीचं टोक कापडातून टर्रकन वर निघालं. भावाची स्लीपिंग बॅग पिसांची होती. पिसं एकदा भिजली की ऊब संपली. त्याचे दात वाजायला लागले तेव्हा मी खरंच घाबरले. पठारावर वस्ती आहे म्हणून निभावलं. एका घराचं दार वाजवलं, त्यांनी चूल पेटवली आणि घोंगड्या दिल्या. एरवी काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. दहा फुटी चौकोनाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर सात फूट. मध्ये सव्वाचार फुटांची काठी उभी केली की कोपरे आत ओढले जातात आणि जमिनीवरच्या दोन कोपऱ्यांमध्ये जेमतेम आठ फूट उरतात. कापडाची कड मात्र दहा फुटांचीच आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन फूट कापड जास्तीचं, ते फडफडणारच. काठी तीन फुटांवर आणली तर हेच जास्तीचं कापड एक फूटभर राहतं. मी काठी वाढवून ढिलाईच वाढवत होते.

खारे दाणे बांधून देतात ती कागदाची पुडी उलगडून बघा. तिचं टोक कागदाच्या मधोमध कधीच नसतं. अमेरिकेच्या मैदानी भागातल्या मूळ रहिवाशांच्या टिपीचं आवरणही साधारण अर्धवर्तुळाकार कापतात, टोक सरळ कडेच्या मध्यावर येतं. आपणही तेच करायचं. काठी मधोमध न लावता एका कडेच्या मध्यावर लावायची. समोरची कड पूर्ण दहा फूट ताणून दोन मेखा ठोका. तिच्या मध्यापासून नऊ फुटांवर सव्वाचार फुटांची काठी उभी करा. पुढचे दोन कोपरे काठीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांवर, किंचित पुढे घेऊन ठोका. काठीच्या डोक्यापासून तोंडाच्या बाजूला, बाहेर एक दोरी ताणा. कापड ढोलासारखं ताठ होतं. पाठ वाऱ्याकडे, तोंड आडोशाकडे. दरी दिसावी म्हणून तोंड दरीकडे ठेवू नका. संध्याकाळी कितीही सुंदर दिसो, रात्री सगळा वारा आत शिरतो.

त्या घरातल्या काकांनी सकाळी आणखी एक गोष्ट दाखवली. ताडपत्रीच्या कडेच्या रिंगा उचकटतात, म्हणून वैरणीच्या गंजीवर ते रिंगांना दोरी बांधतच नाहीत. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडात आतून धरायचा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळायची. कापड फाटत नाही, आणि हवी तिथे गाठ मारता येते. तेव्हापासून मी रिंगा वापरणं सोडलं.

हा सगळा अनुभव फक्त सह्याद्रीतला. बर्फातलं मला विचारू नका, आणि जुलैच्या धो धो पावसात तर ताडपत्रीच्या भरवशावर कुणीच जाऊ नये. ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला तर उघड्या पठारावर धातूच्या काठीखाली बसू नका, पक्क्या घरात जा. स्टोव्ह आत पेटवू नका, थंडीने कितीही मोह झाला तरी. अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाची परवानगी आधी विचारा.

राग येतो तो मला कापड विकणाऱ्या दुकानाचा. ‘मध्ये काठी लावा, झाला तंबू’ असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनाही ते हेच सांगत असणार. विकण्याआधी एकदा तरी रात्रभर त्याखाली झोपून बघायला हवं होतं त्यांनी.

कापड नायलॉनचं असेल तर भिजल्यावर सैल पडतं, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर एकदा उठून दोऱ्या आवळा. काठीचं टोक खाली आणि मूठ वर करा, मुठीवर जुना मोजा दुमडून घाला. आणि आधी गच्चीवर मेखांऐवजी विटा बांधून दोनदा उभं करून बघा, पाण्याची बादली ओतून.