ताई, साडेचार हजार युरो भरायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाशिकला सीएकडे सात वर्षं, टॅली, जीएसटी रिटर्न सगळं हातचं, आणि मिस्टरांच्या ब्ल्यू कार्डमुळे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यामुळे, जर्मनीत म्युनिकला गेल्यापासून दीड वर्ष घरी, शंभरेक अर्ज केले तरी नोकरी नाही, म्हणून आता साडेचार हजार युरोंचा एआय बूटकॅम्प करून डेटा सायंटिस्ट व्हायचंय. मिस्टरांकडे पैसे मागायला जड जातंय हेही लिहिलंत, ते वाचून खरंच वाईट वाटलं.

पैसे आत्ता भरू नका. आधी तिथल्या आगेंटूर फ्यूर आरबाइटमध्ये म्हणजे सरकारी रोजगार ऑफिसात नाव नोंदवा. ब्ल्यू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनीत कामाची पूर्ण मुभा असते, तेव्हा बिचकायचं कारण नाही. ते बिल्डुंग्सगुटशाइन म्हणजे शिक्षणाचं व्हाउचर देतात, त्यात कोर्सची सगळी फी निघू शकते, फक्त कोर्स आझाव सर्टिफाइड, म्हणजे अशा व्हाउचरसाठी मान्यता असलेला पाहिजे आणि द्यायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो.

आणि डेटा सायंटिस्ट कशाला हो? सात वर्षांचा अनुभव टाकून कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरांच्या रांगेत शून्यापासून उभं राहायचं, हे मला पटत नाही. जर्मनीत 1 जानेवारी 2025 पासून कंपन्यांना एकमेकींची ई-इन्व्हॉइस घेता येणं सक्तीचं झालंय, बिलातला डेटा थेट सॉफ्टवेअरमध्ये जातो, एआय एंट्री सुचवतं, पण व्हॅट 19 टक्के की 7, खर्च कुठल्या खात्यात, हे तपासायला हिशोब कळणारं माणूसच लागतं, आणि ते तुम्ही आहात! तिकडच्या टॅक्स कन्सल्टंटकडे टॅलीच्या जागी बहुतेक डाटेव हे अकाउंटिंग सॉफ्टवेअर चालतं, ते शिका. शिवाय युरोपच्या एआय कायद्यात 2 फेब्रुवारी 2025 पासून स्टाफला एआयची समज देणं कंपन्यांवर आलंय, म्हणजे ही समज सीव्हीवर दिसली तर फायदाच.

एआयची सुरुवात फुकटात होते. हेलसिंकी युनिव्हर्सिटीचा एलिमेंट्स ऑफ एआय कोर्स 2018 पासून आहे, तो जर्मनमधूनही मिळतो, तुम्ही जर्मनमधूनच करा, हळू जाईल पण भाषाही सुधारेल. तुमची जर्मनची बी1 पातळी झालीय, हिशोबाच्या कामाला पुढच्या बी2 कडे जायलाच हवं, ते एआयने भागणार नाही. आणि सराव करताना कुणाची खरी बिलं चॅटजीपीटीत टाकू नका, डेटा प्रायव्हसीबाबत तिथे फार कडक आहेत.

रोजगार ऑफिसात जाताना अकाउंट्सच्या तीन-चार खऱ्या जाहिराती प्रिंट काढून न्या, ज्यात डाटेव किंवा डिजिटल बुककीपिंग मागितलंय अशा, म्हणजे डाटेवचाच कोर्स का हवा ते तोंडी पटवत बसावं लागणार नाही. काय म्हणाले ते मला कळवा.