वडील गावी, चेक साडेसहा लाखांचा आणि बँक लांब: भरायचा कसा?

वडिलांना एसटीत बसवून राजापूरला न्यायची अजिबात गरज नाही, हे आधी सांगते. जमिनीच्या विक्रीचा साडेसहा लाखांचा चेक त्यांच्या नावाचा आहे, त्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि तुम्ही पुण्यात आहात, असं तुम्ही लिहिलंय. चेक भरायला खातेदार स्वतः लागत नाही आणि मूळ शाखाही लागत नाही. त्यांचं खातं ज्या बँकेत आहे तिच्या पुण्यातल्या शाखेत स्लिप भरून तुम्ही तो देऊ शकता. मी बरीच वर्षं बँकेत क्लिअरिंगचं, म्हणजे चेक वटवण्याचं काम केलंय. मुलगा, सून, शेजारी, कुणीही चेक घेऊन येतं.

वाडीतलं विश्वासाचं कुणी पुण्याला येणार असेल तर त्यांच्याकडे द्या, नाहीतर स्पीड पोस्ट. पाठवण्याआधी डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ आहे ना, ते बघायला सांगा. रेघा नसतील तर वडील स्वतः मारू शकतात, कायद्याने ती मुभा आहे. चेकचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मागे खाते नंबर आणि मोबाइल नंबर पुरे, सही नको. टाचणी लावू नका आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर काही लिहू नका.

पतसंस्था जवळ आहे म्हणून तिथे भरायचा मोह होईल. पण सभासदाचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या खात्यातून वटवायला रिझर्व्ह बँकेने 50,000 रुपयांची मर्यादा घातली आहे. वडिलांचं खातं कुठल्या प्रकारचं आहे तेही विचारून घ्या. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये वर्षभरात 1 लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. तसं असेल तर आधी केवायसी पूर्ण करा, मग चेक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठे चेक अडकतात ते बऱ्याचदा देणाऱ्याच्या बाजूने. 50,000 आणि त्यापुढच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे: चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम देणाऱ्याने स्वतःच्या बँकेला आधी कळवायची. 5 लाख आणि त्यापुढे बँका ते सक्तीचं करू शकतात, आणि अनेकींनी केलंय. म्हणून जमीन घेणाऱ्याला फोन करा आणि कळवल्याची खात्री झाल्यावरच चेक काउंटरवर द्या. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला जातात, त्यामुळे नंतर कळवायला फारसा वेळच उरत नाही.

त्यापेक्षा आरटीजीएस, म्हणजे थेट खात्यातून खात्यात पैसे, मागावं का? खरेदीखत अजून व्हायचं असेल तर जरूर मागा. झालं असेल आणि त्यात या चेकचा नंबर लिहिलेला असेल, तर हाच चेक वटवलेला बरा.

ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका. काउंटरवर द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच द्यायला शाखा नकार देऊ शकत नाही. चेकवरच्या तारखेपासून 3 महिनेच तो चालतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर बघू असं करू नका. चेक न वटता परत आलाच तर बँकेचा मेमो (परत आल्याचं कारण लिहिलेली चिठ्ठी) जपून ठेवा आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवा. ती मुदत टळली तर चेक न वटण्याबद्दलच्या कलम 138 खाली दाद मागणं अवघड होतं.