वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरील संख्या बदलताना

प्रश्न : आमच्या सेवेवरील भार वाढला की सर्व्हरची संख्या दोनने वाढवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आहे. तो क्लाउडच्या एपीआयला (प्रोग्रामांनी विनंत्या पाठवण्यासाठी दिलेल्या सोयीला) सध्याची संख्या विचारतो, तीत दोन मिळवतो आणि आलेली बेरीज परत पाठवतो. एकदा उत्तर येण्याआधीच टाइमआउट झाला, प्रोग्रामने सगळे पुन्हा केले आणि सहाचे आठ होण्याऐवजी दहा सर्व्हर झाले. दुसऱ्यांदा सहकाऱ्याने त्याच सुमारास हाताने केलेला बदल माझ्या प्रोग्रामने पुसून टाकला. शिवाय यशाचा संकेत मिळाल्यावरही चालू सर्व्हरच्या यादीत जुनीच संख्या दिसते. चूक कोठे आहे?

उत्तर : टाइमआउटचा अर्थ विनंती फसली असा होत नाही, उत्तर आपल्यापर्यंत पोहोचले नाही, एवढाच होतो. आपली पहिली विनंती पोहोचली होती आणि संख्या आठ झाली होती. प्रोग्रामने ती आठ वाचून तीत पुन्हा दोन मिळवले. म्हणून बेरीज एकदाच करावी, आलेले उद्दिष्ट (येथे आठ) नोंदवून ठेवावे आणि पुनःप्रयत्नात तेच पाठवावे. अ‍ॅमेझॉनचे सेट-डिझायर्ड-कपॅसिटी काय किंवा गूगल कम्प्यूट इंजिनमधील सर्व्हर-गटाचे रिसाइझ काय, दोन्ही 'किती वाढवू' असे न विचारता 'एकूण किती हवेत' असेच विचारतात, त्यामुळे तीच विनंती दोनदा गेली तरी बिघडत नाही. याउलट अ‍ॅमेझॉनचे रन-इन्स्टन्सेस प्रत्येक हाकेला नवे सर्व्हर उभे करते. तेथे विनंतीसोबत क्लायंट टोकन (त्या विनंतीची आपण ठरवलेली ओळखखूण) द्यावे, म्हणजे तेच टोकन पुन्हा आल्यास दुसरी खेप सुरू होत नाही. हे टोकन पुनःप्रयत्नाच्या लूपच्या बाहेर तयार करायला हवे. लूपच्या आत दर वेळी नवे टोकन बनवणारे प्रोग्राम सर्रास आढळतात आणि त्यात टोकन असून नसल्यासारखेच असते.

सहकाऱ्याचा बदल पुसला जाणे मात्र एवढ्याने थांबणार नाही. आपण सहा वाचल्यानंतर आणि आठ लिहिण्यापूर्वी त्यांनी नऊ लिहिले, तर आपले आठ त्यावर बिनदिक्कत बसतील. येथे 'मी वाचली तीच आवृत्ती अजून असेल तरच बदल कर' अशी अट घालावी लागते. एचटीटीपीमध्ये वाचताना मिळालेला ईटॅग (आवृत्तीची खूण) इफ-मॅच या हेडरमधून परत पाठवतात आणि दरम्यान बदल झाला असेल तर ४१२ हा नकार येतो. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रणालीत हेच काम रिसोर्स-व्हर्जन ही आवृत्तीची खूण करते. जुन्या आवृत्तीवर आधारलेला बदल ४०९ देऊन परत फिरतो. असा नकार आल्यावर तीच विनंती नव्या आवृत्तीच्या नावाने रेटू नये. नव्याने वाचावे आणि वाढ अजून हवी आहे का, हे आधी ठरवावे. नऊ झाले असतील तर कदाचित काहीच करायचे उरलेले नसेल.

सेट-डिझायर्ड-कपॅसिटीला मात्र अशी आवृत्तीची अट जोडता येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की एका संख्येला एकच मालक असावा, मग तो आपला प्रोग्राम असो की स्वयंचलित स्केलर. कुबरनेटीसचा हॉरिझाँटल पॉड ऑटोस्केलर (भारानुसार पॉडची, म्हणजे सेवेच्या चालू प्रतींची, संख्या बदलणारा भाग) मूळ सेटिंगनुसार दर १५ सेकंदांनी हिशेब करतो. त्याच्या ताब्यातील संख्या हाताने बदलली, तर तो ती लवकरच आपल्या हिशेबावर परत आणतो आणि लोक एपीआयला दोष देत बसतात.

यशाच्या संकेताबद्दल : आपल्या बाबतीत तो केवळ 'मागणी नोंदवली' एवढेच सांगतो. गूगलच्या रिसाइझचे ऑपरेशन तर सर्व्हर वाढवण्याचे काम मार्गी लावले की 'डन' होते, मग एकही नवा सर्व्हर उभा राहिलेला नसला तरी. कुबरनेटीसमध्ये हवी असलेली संख्या स्पेकमध्ये आणि प्रत्यक्षातली स्टेटसमध्ये, अशी वेगवेगळी ठेवलेली असते. आपण दुसरी वाचावी. अ‍ॅमेझॉनच्या गटात कमाल मर्यादेपेक्षा मोठी संख्या मागितली तर नकार लगेच मिळतो, पण खात्याचा कोटा संपल्यामुळे सर्व्हर सुरू न झाल्यास ते नंतर गटाच्या अ‍ॅक्टिव्हिटी नोंदींत दिसते. तेव्हा ठरावीक अंतराने स्थिती तपासावी, दोन तपासण्यांमधील अंतर वाढवत न्यावे आणि किती वेळानंतर हार मानायची हेही आधीच ठरवावे.

प्रश्न : कुबरनेटीसमध्ये मेमरीची मर्यादा '५१२ स्मॉल एम' (512m) अशी दिली, तर कंटेनर सुरूच होत नाही. संख्या तर पुरेशी आहे.

उत्तर : संख्या पुरेशी आहे, एकक नाही. स्मॉल एम म्हणजे एक हजारांश. प्रोसेसरसाठी ते योग्य असते, कारण ५०० स्मॉल एम म्हणजे अर्धा कोअर. मेमरीसाठी मात्र आपण अर्ध्या बाइटच्या आसपास जागा मागितली आहे. कॅपिटल एम लिहिल्यास ५१२ म्हणजे ५१,२०,००,००० बाइट होतात आणि एमआय (Mi, म्हणजे १०२४ गुणिले १०२४) लिहिल्यास ५३,६८,७०,९१२. आपल्याला बहुधा एमआय हवे आहे.

प्रश्न : एपीआयमधून डिस्कचा आकार वाढवला, आता तो कमी करता येईल का?

उत्तर : अ‍ॅमेझॉनच्या ईबीएस आणि गूगलच्या पर्सिस्टंट डिस्क या क्लाउडवरील डिस्कचा आकार वाढवता येतो, घटवता येत नाही. नवी लहान डिस्क घेऊन तीवर डेटा हलवावा लागेल. आणि वाढवल्यानंतरही आतली फाइल सिस्टीम वेगळी वाढवल्याखेरीज ती जागा सहसा वापरता येत नाही, हे तपासले नसेल तर आधी ते पाहावे.