कोरी तक्रारवही : सार्वजनिक आरोग्य विभागातील समान संधीविषयी प्रश्नोत्तरे

विद्यापीठांच्या सार्वजनिक आरोग्य विभागांत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांकडून त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : राखीव प्रवर्गातील विद्यार्थिनीला गुणवत्तेवर खुल्या गटातून प्रवेश मिळाला, तर ती जागा राखीव जागांत मोजायची का?

नाही. गुणांत किंवा वयात सवलत घेतलेली असल्यास नियम निराळा असू शकतो. तेवढ्यापुरते प्रवेश कक्षाला लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : मला कमी ऐकू येते. ‘तुम्हाला क्षेत्रकार्य जमणार नाही, दुसरा अभ्यासक्रम पाहा’ असे विभागात सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

योग्य नाही. हे मत कोणत्या तपासणीवरून बनवले, असे विभागाला लेखी विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आवश्यक त्या वाजवी सोयी नाकारणे हाच भेदभाव ठरतो. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून उमेदवाराला अपात्र ठरवता येत नाही, तो अभ्यासक्रम त्याला पूर्ण करता येईल का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. घरोघरच्या मुलाखती जोडीने घेता येतात, व्याख्यानातले बोलणे पडद्यावर मजकुराच्या रूपात दाखवता येते, सांकेतिक भाषेचा दुभाषा नेमता येतो. तुम्हाला नेमकी कोणती सोय लागेल, याची यादी मात्र श्रवणतज्ज्ञांशी बोलून तुम्हीच करा आणि ती समान संधी कक्षाकडे द्या.

प्रश्न : लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागतेच ना?

लागतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ही समजूत दूर केली आहे. लिहिण्यातील अडचणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र हवे आणि अर्ज परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागाकडे जायला हवा.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे भेदभावाची एकही तक्रार आलेली नाही. तरीही समान संधी कक्ष आमच्याकडे माहिती मागतो. हा अनावश्यक ताप नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच शास्त्राच्या लोकांकडून येतो. पोलिओच्या सर्वेक्षणात १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला पोलिओव्यतिरिक्त कारणांनी आलेल्या लुळेपणाचा किमान एक रुग्ण तरी नोंदला गेलाच पाहिजे, हे आपण पहिल्या वर्षात शिकवतो. एखाद्या जिल्ह्याने सलग शून्य कळवले, तर आपण त्याचे अभिनंदन करत नाही. तिथली सर्वेक्षण यंत्रणा झोपली आहे असे मानून माणूस पाठवतो. मग स्वतःच्या विभागाचे शून्य आपण यशाचा दाखला म्हणून कसे मिरवतो?

तक्रार का येत नाही, हे अवघड कोडे नाही. प्रबंधावर ज्यांची सही लागते, शिष्यवृत्तीचा प्रगती अहवाल जे पुढे पाठवतात, तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून जे बोलावतात, त्यांच्याच दालनाबाहेर तक्रारपेटी टांगलेली असते. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने मुद्दाम विचारले, तेव्हाच शिक्षकांकडून मिळणारा वेळ, परीक्षेतील वागणूक आणि वसतिगृहात वेगळे पडणे या गोष्टी २००७ च्या अहवालात आल्या. पहिल्याच दिवशी ‘तुझा प्रवेश परीक्षेतला क्रमांक कितवा?’ असे विचारणाऱ्याला गुण जाणून घ्यायचे नसतात, जात जाणून घ्यायची असते. आणि ही गोष्ट कुठल्याही वहीत नोंदली जात नाही.

म्हणून तक्रारींची वाट पाहू नका, मोजा. अर्ज किती आले, प्रवेश किती जणांना मिळाला, मार्गदर्शक मिळेपर्यंत प्रत्येकाचे किती दिवस गेले, संशोधन आराखडा कितव्या फेरीत मंजूर झाला, शिष्यवृत्तीचा कागद कुणाच्या टेबलावर किती काळ राहिला आणि अभ्यासक्रम सोडून कोण गेले, हे सारे प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व आणि आधीच्या शिक्षणाचे माध्यम यांनुसार वेगळे काढून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील कुपोषणाचे आकडे आपण असेच तर वेगळे करून पाहतो. विभाग लहान असतो, म्हणून पाच वर्षांचे आकडे एकत्र करा. एखाद्या रकान्यात पाचाहून कमी माणसे असतील, तर तो रकाना प्रसिद्ध करू नका, कारण तिथे आकड्याआडून चेहरा दिसतो. सोडून गेलेल्यांशी विभागाबाहेरच्या व्यक्तीने बोलावे. हे काम सुरू करण्यापूर्वी संख्याशास्त्रज्ञ, नैतिकता समिती आणि समान संधी कक्ष या तिघांचाही सल्ला घ्या. मात्र सल्ला घेण्याच्या नावाखाली वर्ष घालवू नका.

प्रश्न : आमच्या वर्गातील मेळघाटचा विद्यार्थी कोरकू बोलतो. प्रत्येकाच्या संशोधनासाठी विभाग त्याला दुभाष्या म्हणून नेतो. यामुळे त्याचा सन्मानच होतो, असे सर म्हणतात.

सन्मान असेल, तर तो मानधनात आणि संशोधनातील श्रेयात दिसला पाहिजे. त्याचे स्वतःचे काम मागे पडून इतरांचे प्रबंध पूर्ण होत असतील, तर त्याला विभागाकडून समान वागणूक मिळत नाही. मार्गदर्शकाच्या विनंतीला ‘नाही’ म्हणणे त्याला शक्य आहे का, हे आधी तपासा. दुसरी बाजूही आहे : गर्भपाताविषयी किंवा घरातील मारहाणीविषयी एखादी बाई आपल्याच पाड्यावरच्या मुलासमोर बोलणार नाही. त्यामुळे दुभाष्या कोण असावा, हा प्रश्न नैतिकता समितीपुढे आराखड्यातच यायला हवा.

प्रश्न : एक खासगी संस्था एका दिवसाच्या कार्यशाळेनंतर ‘सर्वसमावेशक विभाग’ असे प्रमाणपत्र देते. घ्यावे का?

घेऊ नका. त्या कागदाने कायद्यातील एकही जबाबदारी पूर्ण होत नाही. तोच पैसा उतारमार्गावर खर्च करा; त्याचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा आणि तो विद्यापीठाच्या अभियंत्याकडून मोजून घ्यावा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली तर मोफत मिळते. कुणी ती विकू लागला, तर त्याला परत पाठवा.

प्रश्न : पीएच.डी. करताना प्रसूती रजा घेतली, तर नोंदणी रद्द होते असे ऐकले. खरे आहे का?

ऐकीव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते आणि महिलांना मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. अर्ज पीएच.डी. विभागाकडे करा आणि पोच घ्या.

प्रश्न : क्षेत्रभेटीदरम्यान एका वरिष्ठाने गैरवर्तन केले. त्याला चार महिने झाले. विभागप्रमुख ‘मी त्यांना समज देतो, थोडे थांब’ असे म्हणत राहिले. आता उशीर झाला का?

दार बंद झालेले नाही, पण आणखी एक दिवसही थांबू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची असते. उशिराची कारणे पटल्यास समिती ती कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तुम्हाला थांबवून ठेवले गेले, हे कारण तारखांसह लिहा. क्षेत्रभेटीचे ठिकाण विद्यापीठाच्या आवाराबाहेर होते, म्हणून हा विषय समितीचा नाही, असे कुणी सांगितल्यास ऐकू नका. समझोता तक्रारदाराने मागितला तरच करता येतो आणि तो समितीमार्फतच होतो. विभागप्रमुखांनी परस्पर समज देणे ही त्याची जागा घेऊ शकत नाही. वर्तन गुन्ह्याच्या स्वरूपाचे असेल, तर पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा खुला आहे. त्याविषयी वकिलाशी आधी बोलून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता हा सल्ला विनामूल्य मिळतो.