आलं नाही, सुंठ चालते

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना कल्चरल डायव्हर्सिटीचा, म्हणजे सांस्कृतिक वैविध्याचा, पेपर शिकवायचं गळ्यात पडलंय आणि माझ्या जुन्या स्लाइड्स हव्यात म्हणे. आहेत, पण देणार नाही. अर्ध्या तर 'जपानी पाहुणा आला की वाका' छापाच्या आहेत, मीच वर्षानुवर्षं त्या शिकवल्या आणि आता बघताना लाज वाटते.

हॉफस्टेड शिकव, तोच देशादेशांच्या संस्कृतीला आकडे देणारा डच संशोधक, परीक्षेला येतो. फक्त एवढं सांग की त्याचा मूळ डेटा 1967 ते 1973 मधल्या आयबीएमच्या स्टाफचा, आणि पॉवर डिस्टन्सला, म्हणजे वरचा-खालचा हा भेद लोक किती मान्य करतात त्याला, अख्ख्या भारताला एकच आकडा, 77. त्यात मिझोरामची मुलगी पण बसवायची आणि सिन्नरचा पोरगा पण? एक तास दे याला, बास.

बाकीचे तास ट्रेनिंग किचनमध्ये घे. मी हॉटेलात होतो तेव्हा एकदा जैन ग्रुप आला, केओटीवर, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ठळक 'जैन' लिहिलेलं, कांदा लसूण काढला, बटाट्याच्या जागी कच्चं केळं घातलं आणि मग सवयीने मीच ग्रेव्हीत आलं किसलं. एका आजीबाईंनी पहिल्या घासालाच ताट सरकवलं, बोलल्या काहीच नाहीत, तेच जास्त लागलं. रात्री माफी मागायला गेलो तर त्यांनीच बसवून सांगितलं, की ओलं आलं जमिनीखालचं, त्यात जीव, तेच वाळून सुंठ झालं की चालतं, हळदीचंही तसंच. माझ्याकडे यादी पाठ होती, त्यामागचं काहीच माहीत नव्हतं. तेव्हापासून मुलांना पाहुण्याशी बोलायची प्रॅक्टिस देतो, आणि तेही जमत नाही गं लगेच, पोरं पोलिसासारखी चौकशी करतात. 'घरी हे कसं करता?' एवढं विचारलं तरी माणूस खुलतो.

आणि पाहुणे कशाला, वर्गातच बघ. नागालँडच्या एका मुलाने घरून अखुनी आणलं, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तर सगळ्यात आधी नाक कोणी धरलं? आमच्या रत्नागिरीच्या पठ्ठ्याने, ज्याच्या बॅगेत सुकट! पुढच्या प्रॅक्टिकलला दोघांना एकाच टेबलावर दोन्हीच्या चटण्या करायला लावल्या. शिपाई धावत आला काय जळलं बघायला. भाषण द्यायची वेळच आली नाही.

रोजा असलेल्या मुलाला चव घेता येत नाही, त्याला टेस्टिंगला पार्टनर दे, मार्क कापू नकोस.

हो, आणि तू पाठवलेलं टाइमटेबल पाहिलं. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासाच्या पर्वात, बऱ्याच घरी हिरवी भाजीच बंद असते, आणि तू नेमकं त्याच आठवड्यात पालक पनीर लावलंयस. तुझ्या वर्गात दोन शहा आहेत म्हणालीस ना, त्यांना विचार आणि मग ठरव.