करीच्या हातातला बॉल काढून घेतला तेव्हा

प्रश्न असा आहे: 2014 मध्ये स्टीव्ह केर गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, संघाचा कोच झाल्यावर स्टेफन करीच्या हातात बॉल कमी राहू लागला, तरी लगेचच्या दोन्ही वर्षांत तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, कसा ठरला? आणि एकाच चांगल्या खेळाडूवर चालणाऱ्या साध्या कॉलेज संघाला ही पद्धत जमेल का?

बॉल कमी झाला हे खरं, पण शॉट कमी झाले असं समजू नका. 2013-14 मध्ये मार्क जॅक्सन कोच असताना करी सामन्याला सरासरी 36.5 मिनिटं खेळायचा आणि 17.7 शॉट घ्यायचा. पुढच्या मोसमात केरने त्याची मिनिटं 32.7 वर आणली आणि शॉट राहिले 16.8. म्हणजे मिनिटामागे शॉट थोडे वाढलेच. गुण 24.0 वरून 23.8, असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) 8.5 वरून 7.7, टर्नओव्हर (चुकीने गमावलेला बॉल) 3.8 वरून 3.1. गुणांची सरासरी जवळपास तीच राहिली आणि वॉरियर्सचे विजय मात्र 51 वरून 67 झाले. संघाचे असिस्ट सामन्याला 23.3 वरून 27.4 वर गेले, जे त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त होते. बचाव जॅक्सनच्या काळातच चांगला बसला होता, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. अडत होतं ते आक्रमणात.

जॅक्सनच्या वेळी करी बॉल घेऊन वर यायचा, डेव्हिड ली किंवा अँड्र्यू बोगट यांच्यापैकी एक उंच खेळाडू येऊन स्क्रीन लावायचा, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहून त्याला अडवायचा, आणि बाकीचे तिघे बहुतेक वेळा जागेवर उभे असायचे. नाहीतर बॉल पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ उभ्या खेळाडूकडे, जायचा आणि एकास एक खेळ व्हायचा. त्या मोसमात तीस संघांत सर्वांत कमी पास वॉरियर्सचे होते. अशा खेळात समोरच्या संघाचं काम सोपं होतं. करी कुठे आहे हे पाचही बचावपटूंना सतत दिसतं. स्क्रीन आली की दोघांनी मिळून त्याला घेरायचं आणि बॉल त्याच्या हातातून काढायचा, एवढंच उरतं.

केर खेळाडू म्हणून शिकागोला कोच फिल जॅक्सनकडे आणि सॅन अँटोनियो स्पर्सला कोच ग्रेग पोपोविचकडे खेळलेला. शिकागोचा सहायक कोच टेक्स विंटर याचा ट्रँगल, म्हणजे तीन खेळाडूंच्या त्रिकोणावर चालणारं आक्रमण, त्याने आतून पाहिला होता, स्पर्सची फिरती पासिंगही. शिवाय आक्रमण बघायला अ‍ॅल्विन जेंट्री सोबत होता, तो फिनिक्सच्या वेगवान खेळातून आलेला. सामन्यात तीनशे पास व्हावेत असं लक्ष्य केरने ठेवलं. पण या आकड्यापेक्षा मला एक साधा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो: पास दिला की उभं राहायचं नाही.

हा नियम करीच्या बाबतीत काय करतो ते एका चालीत बघा. वॉरियर्स ज्याला स्प्लिट म्हणतात ती चाल. करी उजव्या बाजूने बॉल आणतो आणि फ्री थ्रो रेषेच्या टोकावर, म्हणजे एल्बोवर उभ्या असलेल्या ड्रेमंड ग्रीनला देतो. शॉट घ्यायच्या 24 सेकंदांच्या घड्याळात साधारण सोळा सेकंद उरलेले असतात. बॉल गेला की करीचा बचावपटू अर्धा क्षण मान वळवून बॉलकडे बघतो. तो बघणारच, लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं. तेवढ्यात करी त्याच बाजूच्या क्ले थॉम्प्सनकडे धावतो आणि त्याला स्क्रीन लावायला जातोय असं दाखवतो. आता दोन बचावपटू जवळ आले आणि दोघांनाही एकाच वेळी ठरवायचंय. करीचा माणूस मागून पाठलाग करत असेल, तर करी थॉम्प्सनला वळसा घालून बास्केटकडे जातो. माणूस मधून शॉर्टकट मारत असेल, तर करी दोन पावलं मागे सरून तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळा होतो. दोघांनी आपापले खेळाडू बदलले, तर ज्याने स्क्रीन लावली तोच बदल पूर्ण होण्याआधी सुटून रिंगकडे निघतो. आणि दोघेही करीच्याच मागे गेले, तर थॉम्प्सन एकटा उरतो. ग्रीन बॉल डोक्याच्या वर धरून हे सगळं बघत असतो. ठरलेला पास नसतोच, जे दिसेल ते द्यायचं.

बॉल हातात असलेल्या करीला एक बचावपटू समोरून बघून अडवू शकतो. बॉल नसलेल्या करीला अडवायला मान मागे-पुढे फिरवत, स्क्रीन चुकवत वीस-पंचवीस फूट धावावं लागतं, आणि तेही ताबा बदलेपर्यंत दोन-तीनदा.

यातलं सर्वांत कमी लक्षात येणारं काम म्हणजे करीने स्वतः लावलेली स्क्रीन. सहा फूट दोन इंचांचा गडी सेंटरच्या (संघातल्या सर्वांत उंच खेळाडूच्या) बचावपटूला पाठीमागून स्क्रीन लावतो तेव्हा ती ताकदीने चालत नाही. ती चालते कारण करीचा माणूस करीला सोडून मदतीला जायला धजावत नाही. सेंटरला मोकळा लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, मिळतो आणि स्कोअरबुकात करीच्या नावावर काहीही लागत नाही. बोगटला अशा कितीतरी सोप्या बास्केट मिळाल्या.

आणि हे काम करीला नवं नव्हतं. डेव्हिडसन कॉलेजात दुसऱ्या वर्षी, 2008 च्या गाजलेल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत, पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) जेसन रिचर्ड्स होता आणि करी स्क्रीनांमागून धावत शॉट घेत होता. रिचर्ड्स गेल्यावर तिसऱ्या वर्षी तो पॉइंट गार्ड झाला आणि पुढे एनबीएमध्ये तेच राहिला. केरने त्याची जुनी सवय पुन्हा कामाला लावली. पिक-अँड-रोल, म्हणजे बॉलवाल्यासाठी स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळणं, बंद केला असंही नाही, तो राहिलाच. फक्त पहिला आणि एकमेव मार्ग उरला नाही.

एका खेळाडूची भूमिका बदलली की इतरांची बदलावीच लागते. ली मोसमाआधी हॅमस्ट्रिंगने जायबंदी झाला, ग्रीन पहिल्या पाचात आला आणि तिथेच राहिला. आधी पहिल्या पाचात असलेला आंद्रे इग्वाडाला हा बेंचवरून यायला तयार झाला. शॉन लिव्हिंग्स्टनसारखा उंच गार्ड घेतला, कारण करी बॉलशिवाय धावत असताना बॉल सांभाळायला दुसरा भरवशाचा हात हवाच होता. थॉम्प्सनला याचा किती फायदा झाला बघायचं असेल तर 5 डिसेंबर 2016 चा इंडियानाविरुद्धचा सामना काढा: 29 मिनिटांत 60 गुण, आणि त्यासाठी अवघे 11 ड्रिबल.

बिघडलं कुठे? सुरुवातीला टर्नओव्हर भरमसाट झाले. पाच सामने जिंकून वॉरियर्स लागोपाठ दोन हरले. पास जास्त म्हणजे चुकायच्या जागाही जास्त, आणि खेळाडू सोपा पास सोडून देखणा पास शोधू लागले होते. त्यानंतर सलग सोळा जिंकले. पुढच्या वर्षांत प्रतिस्पर्ध्यांनी वेगवेगळे उपाय काढले. 2015 च्या फायनलमध्ये क्लीव्हलँडचा डेलाव्हेडोव्हा करीला चिकटून राहिला. दुसऱ्या सामन्यात करीचे 23 पैकी 5 शॉट गेले, तीन गुणांचे 15 पैकी 2. दोघे मिळून घेरायला लागले की उत्तर ग्रीन होता: करीने घेऱ्याबाहेर छोटा पास द्यायचा, ग्रीनला फ्री थ्रो रेषेवर चारास तीन मिळतात. 2016 मध्ये सरसकट माणसं बदलून आणि बॉलपासून दूर जर्सी ओढून, कंबर धरून करीची धाव तोडली गेली. रेफरी हे दर वेळी वाजवत नाहीत, मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, प्लेऑफमध्ये, तर नाहीच. 2019 मध्ये टोरांटोने चक्क बॉक्स-अँड-वन लावला: एक माणूस करीवर, बाकीचे चौघे झोनमध्ये, म्हणजे खेळाडूऐवजी आपापली जागा सांभाळत. 2022 च्या फायनलमध्ये बोस्टनचा सेंटर स्क्रीनवर मागे राहत होता, तेव्हा वॉरियर्सने उलट बॉल करीच्या हातात देऊन उंच पिक-अँड-रोल वाढवला आणि त्याने सरासरी 31.2 गुण केले. पद्धत पक्की बसलेली होती म्हणूनच ती गरजेप्रमाणे बाजूला ठेवता आली.

आता तुमचा कॉलेज संघ. सगळं उचलू नका, एक स्प्लिट घ्या. पण आधी एल्बोवर कोण उभा राहणार ते ठरवा. तो सर्वांत उंच नसला तरी चालेल, पण त्याला बॉल डोक्याच्या वर धरून दोन सेकंद शांत राहता आलं पाहिजे. असा खेळाडू नसेल तर ही चाल लावूच नका. बहुतेक संघांचं गाडं इथेच अडतं: सेंटर बॉल छातीखाली आणतो, बचावपटू हात घालतो आणि समोरच्या संघाचा फास्ट ब्रेक, म्हणजे वेगवान प्रतिहल्ला, सुरू.

पहिला आठवडा बचावाशिवाय तिघेच: पास देणारा, स्क्रीनवाला, एल्बोवरचा. रोज दहा मिनिटं, वळसा, मागे सरणं आणि सुटणं या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंनी. वळसा घालताना खांद्याला खांदा घासला पाहिजे, मध्ये हात जाईल एवढी फट राहिली तर स्क्रीन वाया गेली. स्क्रीन लावणाऱ्याचे दोन्ही पाय थांबलेले हवेत, नाहीतर फाउल, आणि स्थानिक स्पर्धांत हा फाउल हमखास वाजतो. दुसऱ्या आठवड्यात तिघांवर तीन बचावपटू आणि ड्रिबल बंद. बचाव करणाऱ्यांना कानात सांगा की या वेळी पाठलाग करा, या वेळी बदला. आक्रमण करणाऱ्यांना ते कळू देऊ नका, तरच डोळे उघडे राहतात. तिसऱ्या आठवड्यात पाचास पाच. दुसऱ्या बाजूच्या दोघांपैकी एक कोपऱ्यात आणि एक वर, दोघांत चार-पाच मीटर अंतर. हे दोघे उत्साहात आत शिरतात आणि गर्दी करतात, त्यांना पास येईपर्यंत बाहेर ठेवणं हे कोचचं त्या आठवड्यातलं मुख्य काम.

तुमचा स्टार करीसारखा शूटर नसेल तर लांबचा शॉट नियमातून काढा आणि वळसा घालून आत जाणं पहिलं ठेवा. बचावपटूला त्याची धास्ती हवी, ती शॉटची असो की धडक मारण्याची. त्याची मिनिटंही मोजा. सतत धावणारा खेळाडू दहा मिनिटांचे चारही क्वार्टर उभा राहत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन-तीन मिनिटं बसवा. घड्याळात आठ सेकंद उरले आणि काही निघालं नाही, तर बॉल परत त्याच्याकडे आणि पिक-अँड-रोल, हे सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

सराव सामन्यात बेंचवरच्या एका मुलाच्या हातात वही द्या. त्याने स्टारचे गुण लिहायचे नाहीत. स्टारने दिलेल्या दर पासनंतर पहिल्या दोन सेकंदांत तो जागेवरून हलला की उभा राहिला, एवढीच खूण करायची. पहिल्या दिवशी ती वही स्वतः त्या खेळाडूलाच दाखवा, सगळ्यांसमोर नको.