वाचकांचे प्रश्न : व्हेलॉसिटी वाढवा म्हणतात, ती वाढवायची कशी?

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंजवडीत टेस्टर आहे. टीम १४ जणांची, स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) दोन आठवड्यांचा. रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची मीटिंग, पाऊण तास चालतो, मॅनेजर एकेकाला विचारतात काल आठ तास काय केलं. आता वरून आलंय की दर स्प्रिंटला व्हेलॉसिटी १० टक्के वाढली पाहिजे, शेजारच्या टीमचा आकडा आमच्या दुप्पट आहे म्हणून रोज ऐकवतात. आणि डेव्हलपर शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोड देतात, मग मी रात्रभर टेस्टिंग करत बसते. यालाच ॲजाइल म्हणतात का?

उत्तर : नाही गं, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि वाचून जीव तुटतो. ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेचं एक छोटं काम आणि स्टोरी पॉइंट म्हणजे टीमने आपल्यापुरता लावलेला अंदाज, हे काम त्या कामाच्या मानाने केवढं, बस. एका स्प्रिंटमध्ये जेवढे पॉइंट पूर्ण झाले ती व्हेलॉसिटी आणि तिचा उपयोग एवढाच की पुढच्या वेळी किती काम घ्यायचं ते कळावं. दोन टीमचे पॉइंट म्हणजे दोन घरांतल्या वाट्या, तुमच्या तीन वाट्या आणि त्यांच्या सहा वाट्या यात जास्त तांदूळ कोणाकडे हे कसं सांगणार? आणि १० टक्के वाढवाच म्हटलं की काय होतं ते तू पाहत असशीलच, गेल्या महिन्यात जी स्टोरी ३ ची होती तसलीच आता ५ ची होते, ग्राफ वर जातो, काम तेवढंच राहतं. म्हणजे टीमच्या हातातला एकमेव खरा अंदाज होता तोही गेला. रॉन जेफ्रीज, ज्यांच्याकडे स्टोरी पॉइंटचं जनकत्व जातं, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ही कल्पना आपलीच असेल तर आता त्याचं वाईट वाटतं.

हेच जेफ्रीज फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला जमलेल्या १७ जणांपैकी एक. तिथे ॲजाइलचा जाहीरनामा ठरला, चार ओळींचा, आणि त्याच्यासोबत १२ तत्त्वं. त्यातली दोन तुझ्या मॅनेजरना जरूर दाखव. एक, प्रगती मोजायची ती चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरून. दुसरं, कामाचा वेग असा हवा की तो सगळ्यांना कितीही काळ टिकवता येईल. रात्रभर टेस्टिंग यात कुठे बसतं? स्टँडअपचंही तेच, स्क्रम ही स्प्रिंट-स्प्रिंटने काम करायची ॲजाइल पद्धत आणि स्क्रम गाइड तिची नियमपुस्तिका, त्यात तो १५ मिनिटांचा आहे, टीमने आपसात आजचं ठरवायला, साहेबांना हजेरी द्यायला नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय हे तीन ठरलेले प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलेत, आणि टीम साधारण १० जणांची किंवा त्याहून लहान असावी असं म्हटलंय. तुमच्या १४ जणांच्या दोन टीम करता आल्या तर अर्धा त्रास तिथेच कमी होईल.

पण मॅनेजरलाच सगळा दोष देऊ नकोस. बऱ्याच सर्व्हिस कंपन्यांत करार करतानाच तारीख, किंमत आणि कामाची यादी तिन्ही बांधून दिलेलं असतं आणि मग त्याच्यावर जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि स्प्रिंट चढवतात. बदलाला जागाच नसेल तर दर दोन आठवड्यांनी क्लायंटला दाखवून उपयोग काय, म्हणून आकडाच दाखवत बसतात. खरी चूक तिथे आहे आणि ती वरच्या लोकांनीच सुधारायला हवी.

तुझ्या हातात आहे ते सांगते. शेवटच्या दिवशी कोड येतो कारण स्टोरी आडवी कापलेली असते. समज विम्याचं काम आहे, "ग्राहकाला क्लेम भरता आला पाहिजे", टीमने केले तीन तुकडे, डेटाबेस, स्क्रीन आणि त्या दोघांना जोडणारा एपीआय. तिन्ही जुळेपर्यंत तुला टेस्ट करायला काहीच नाही! त्याऐवजी उभी कापा. पहिला तुकडा, एकाच प्रकारचा क्लेम, फक्त पॉलिसी नंबर आणि रक्कम टाकायची, सेव्ह केलं की क्लेम नंबर मिळतो, बस. फोटो नाही, ईमेल नाही. हा तिसऱ्या दिवशी तुझ्या हातात येऊ शकतो. मग दुसरा, चुकीचा पॉलिसी नंबर टाकला तर काय दिसतं. मग फोटो अपलोड, त्यात मोठी फाइल आणि मध्येच नेट गेलं तर. प्लॅनिंगमध्ये तूच विचार की यातलं मला सर्वात आधी काय चालवून बघता येईल, आणि टेस्ट केसेस कोड लिहायच्या आधी डेव्हलपरशेजारी बसून लिही. दोन स्प्रिंट करून बघू एवढंच रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या मीटिंगमध्ये, माग, आणि व्हेलॉसिटीच्या जोडीला स्टोरी हातात घेतल्यापासून पूर्ण व्हायला किती दिवस लागले आणि प्रॉडक्शनमधून, म्हणजे प्रत्यक्ष वापरातून, किती बग परत आले हे दोन आकडे भिंतीवर लावा. मॅनेजरनाही वर दाखवायला काहीतरी खरं मिळेल.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. मुलगी घरून काम करते, रात्री नऊला तिचा "स्टँडअप" असतो, उन्हाळ्यात तोच आठला असायचा. जेवण रोज लांबतं. ही पद्धतच अशी असते का?

उत्तर : काका, पद्धत अशी नसते, घड्याळ असं असतं. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असणार, त्यांचे सकाळचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे आठ आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की नऊ. पण रोजची मीटिंग काम करणाऱ्या टीमची असते, क्लायंटने रोज हजर राहायलाच हवं असं स्क्रममध्ये कुठेच नाही. मुलीला सांगा, इथल्या टीमची मीटिंग दुपारी घ्या, तिकडच्यांसाठी चार ओळी लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एक-दोनदाच रात्री बोला. हे मागताना तिने एकटीने मागू नये, टीमने मिळून मागावं.

प्रश्न : आमची सहा जणांची सपोर्ट टीम, औरंगाबाद. सोमवारी स्प्रिंट ठरवतो आणि बुधवारपर्यंत तातडीच्या तिकिटांनी (तक्रारींनी) त्याचा पार बोजवारा उडतो. काय करावं?

उत्तर : मग स्प्रिंट सोडून द्या ना, खरंच. तुमच्या कामाला कानबान बरं, म्हणजे फळ्यावर कॉलम करून कामं मांडायची, एका वेळी थोडीच हातात घ्यायची आणि एक संपलं की पुढचं उचलायचं. याचं एक जुनं उदाहरण तर आपल्या इथलंच, २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागातली एक मेंटेनन्स टीम, काम करणारे लोक हैदराबादला. कामांचा ढीग साचलेला आणि टीमचा बराचसा वेळ नवीन मागण्यांचे अंदाज काढण्यातच जायचा. सॉफ्टवेअरच्या कामात कानबान रुजवणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने त्या टीमच्या मॅनेजरने अंदाज काढणं बंद केलं, एका वेळी हातात किती कामं यावर मर्यादा घातली, आणि जागा रिकामी झाली की पुढचं काम कोणतं ते मागणाऱ्यांनीच ठरवायचं असं केलं. ढीग हळूहळू उतरला. तुम्ही सहा जण आहात तर "चालू" या कॉलममध्ये सहापेक्षा जास्त तिकिटं नकोत, तातडीसाठी वेगळी एकच जागा ठेवा आणि ती भरलेली असेल तर दुसरं तातडीचं आलं तरी थांबेल. पहिले काही दिवस फोन येतील, मर्यादा मोडू नका.

प्रश्न : मी कोल्हापूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्क्रम मास्टरचं सर्टिफिकेट केलं तर लगेच नोकरी लागेल असं क्लासवाले म्हणतात. फी भरू का?

उत्तर : आत्ता नको. स्क्रम मास्टर म्हणजे टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारा माणूस, आणि त्या कामाच्या जागाच आता खात्रीच्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने ॲजाइलसाठीच्या ११०० हून जास्त जागा एकदम काढल्या आणि ते काम इंजिनियर आणि प्रॉडक्ट मॅनेजरांकडेच दिलं. टीममध्ये कधी कामच न केलेल्या मुलाला टीम सांभाळायला कोण देणार? स्क्रम गाइड नेटवर फुकट आहे, एका दुपारी वाचून होतं. फीचे पैसे घरी राहू देत, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायचं साधन) नीट शीक, ऑटोमेटेड टेस्ट लिहायला शीक आणि मित्रांबरोबर एखादं छोटं ॲप करून दर आठवड्याला खऱ्या माणसाला वापरायला दे. इंटरव्ह्यूत ते ॲप दाखव आणि वापरणाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यात काय काय बदललं ते सांग.